विजेची गाडी घ्यावी का? आधी वही काढा

विजेची गाडी घ्यावी की पेट्रोलचीच बरी, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. आमच्या म्हसवडमध्येही हळदीकुंकवाला, भिशीला, बाजारात भाजी घेताना हाच विषय निघतो. मुलं मोबाईलवर जाहिराती दाखवतात. नवरेमंडळी ‘पेट्रोल परवडत नाही’ म्हणत शोरूमला चक्कर मारून येतात. सिद्धनाथाचं घट बसलं, दिवाळी पाडवा आला, की मुहूर्ताची घाई असतेच. आणि पैसे कमी पडले की नजर वळते ती घरातल्या बाईच्या ठेवीकडे. माझ्या ओळखीत गेल्या काही महिन्यांत अशा तिघीजणी भेटल्या. एकीची पावती मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेली आहे. तिनं मला सरळ विचारलं, ‘ताई, मोडू का नको?’ म्हणून हा विषय आज घेतला.

सुरुवात बातम्यांपासून करू, कारण गोंधळ तिथूनच होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला आणि टीव्हीवर ‘गाड्या स्वस्त’ असा गजर झाला. स्वस्त झाल्या त्या पेट्रोलच्या छोट्या गाड्या! त्यांच्यावर २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का सेस होता, तो १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासूनच पाच टक्के होता, तो तसाच राहिला. म्हणजे दोन्हींच्या किमतीतलं अंतर वाढलं.

दुसरी बातमी टोलमाफीची. राज्य सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये विजेच्या मोटारींना टोल माफ केला, तो अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर. आपण पुण्याला जातो त्या वाटेवरचे आणेवाडी आणि खेड-शिवापूर हे नाके त्या माफीत आले नाहीत. आपल्याला त्याचा काय उपयोग, ते तुम्हीच ठरवा.

तिसरी गोष्ट अनुदानाची. केंद्र सरकारचं अनुदान घरच्या वापराच्या मोटारीला नव्हतंच, आधीच्या ‘फेम-दोन’ योजनेत नाही आणि नंतरच्या ‘पीएम ई-ड्राईव्ह’मध्येही नाही. ते होतं दुचाकीला, आणि तेही वर्षागणिक आटत गेलं. बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे २०२१ मध्ये १५ हजार रुपये मिळायचे. जून २०२३ मध्ये १० हजार झाले, २०२४ मध्ये पाच आणि एप्रिल २०२५ पासून अडीच हजार. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अनुदान लिहिलंय खरं. पण विक्रेता ‘मिळेल, मिळेल’ म्हणाला तर त्याला सांगा, बाबा, बिलातच वजा करून दे. नंतर खात्यावर येणाऱ्या पैशांवर हप्ता ठरवू नका.

हिशेबाचं म्हणाल तर तो आपल्या गावाला नवा नाही. १९९७ साली इथं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्या परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारला होता, कारण अर्जावर बऱ्याच बायकांचे अंगठे होते. चेतना सिन्हा त्या बायकांना घेऊन पुन्हा गेल्या. बायकांचं म्हणणं होतं की आम्हाला लिहिता येत नाही, मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच काढायला सांगा. परवाना मिळाला. त्याच गावात आपण गाडीचा आकडा मात्र शोरूमच्या कागदावरून घेतो, हे काही बरं नाही.

तर वही काढा. आमच्या घरी दहा वर्षांची पेट्रोलची गाडी आहे. गेले तीन महिने मी तिचा मीटर लिहून ठेवला. महिन्याला साधारण सहाशे किलोमीटर होतात. लिटरला सोळा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर महिन्याला ३,९०० रुपयांचं पेट्रोल लागतं. तेवढंच अंतर विजेवर कापायला, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, शंभरेक युनिट लागतील. इथं एक मेख आहे. घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, आणि तो टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिल्या शंभर युनिटचा दर आणि तीनशेच्या पुढचा दर यांत दुपटीहून जास्त फरक आहे. घरातले पंखे, फ्रीज, मिक्सर स्वस्तातली युनिटं आधीच खाऊन बसलेले असतात, त्यामुळे गाडीची युनिटं पडतात वरच्या टप्प्यात. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये धरले, तर बाराशे रुपये. म्हणजे महिन्याला २,७०० वाचले, वर्षाला ३२ हजार. ऐकायला छान वाटतं.

आता दुसरी बाजू. टाटांची टियागो पेट्रोलमध्येही मिळते आणि विजेवरही. सप्टेंबर २०२५ च्या कपातीनंतर दोन्हींच्या सुरुवातीच्या किमतीत साडेतीन लाखांच्या आसपास फरक पडला. पेट्रोल गाडीवर ११ टक्के रस्ताकर आहे, विजेच्या गाडीला राज्यानं तो माफ केलाय. ते वजा केलं तरी तीन लाख उरतातच. नऊ टक्क्यांच्या कर्जानं तीन लाखांचं पहिल्या वर्षीचं व्याज होतं २७ हजार. वाचले ३२, गेले २७. ऑइल बदलायचं नाही, क्लचप्लेट नाही, हे खरं. पण विम्याचा हप्ता थोडा जास्त. म्हणजे सहाशे किलोमीटरवाल्या घराला नवी गाडी घ्यायचीच असली, तरी विजेची घेऊन फार काही हाती लागत नाही.

आणि हा झाला नव्याशी नव्याचा हिशेब. आपल्या दारात तर चालू गाडी उभी आहे. ती विकून दोन लाख आले असं धरलं, तरी वर सहा लाख घालायचे. त्याचं व्याज ५४ हजार आणि बचत ३२ हजार. चालती गाडी केवळ पेट्रोल वाचवायला काढू नये, असं मला स्पष्ट वाटतं. मुलीची पावती मोडून तर अजिबात नाही. मुदतीआधी मोडली की व्याजही कमी दरानं मिळतं, ते वेगळंच.

मग विजेची मोटार कुणाला परवडते? जिचा नवरा रोज म्हसवड-दहिवडी-गोंदवले करतो, औषधांची एजन्सी आहे, किंवा गाडी भाड्यानं जाते, तिला. महिन्याला दीड हजार किलोमीटर होत असतील तर वर्षाला पाऊण लाखाच्या वर वाचतात आणि फरकाचे तीन लाख चारेक वर्षांत फिटतात. बॅटरीची हमी कंपन्या बहुतेक आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची देतात. म्हणजे पुढची तीन-चार वर्षं निव्वळ फायद्याची. घरावर सोलर असेल तर बातच वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. एक किलोवॅटला महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वीज मिळते. माणदेशाला देवानं पाऊस देताना हात आखडता घेतला, ऊन मात्र पोत्यानं दिलं! गाडीच्या आधी सोलरचा विचार करा, असं मी म्हणेन. त्यानं सगळ्या घराचं बिल उतरतं.

बायका मला हमखास विचारतात, ‘मधेच बंद पडली तर?’ भीती खोटी नाही. छोट्या विजेच्या गाडीच्या कागदावर अडीचशे-तीनशे किलोमीटर लिहिलेलं असतं, रस्त्यावर दीडशे ते दोनशे मिळतात. उन्हाळ्यात एसी लावून चार माणसं बसली की आणखी कमी. म्हसवडहून सातारा सुमारे नव्वद किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे ऐंशी, म्हणजे अगदी काठावर. साताऱ्यात दवाखान्याचं काम चालू असताना तासभर चार्जिंगला लावली तर निभतं. पुण्याला जायचं तर वाटेत थांबावंच लागणार. महामार्गावर हॉटेलांच्या आवारात चार्जर दिसतात, आपल्या आतल्या रस्त्यांवर मात्र निघायच्या आधी चौकशी करूनच निघावं.

पण एक पाहिलंत का? घरात गाडीची चर्चा होते ती नेहमी लांबच्या प्रवासावरून. तुळजापूरला कसं जायचं, मुंबईच्या लग्नाला कसं जायचं. वर्षातून दोनदा. बाकीचे साडेतीनशे दिवस कोण कुठं जातं, ते कुणी मोजत नाही. मुलाला क्लासला सोडणं, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, रानात डबा पोचवणं, बँक, दळण, बुधवारचा बाजार. पाच किलोमीटर, आठ किलोमीटर. या फेऱ्या बाईच्या असतात. त्या होतात स्कूटीवर, नाहीतर पायी, नाहीतर ‘हे आल्यावर जाऊ’ म्हणून राहूनच जातात. आणि विजेच्या गाडीला शोभतं ते नेमकं हेच अंतर.

म्हणून माझं मत असं की मोटार आहे तशी राहू द्या, आधी दुचाकी बदला. पुन्हा वही. रोज पंचवीस किलोमीटर, म्हणजे महिन्याला साडेसातशे. लिटरला ४५ नं पेट्रोल १,७५० रुपयांचं. विजेच्या स्कूटरला पंचवीसेक युनिट, म्हणजे तीनशे रुपये. वर्षाला सतरा हजार वाचतात, आणि किमतीतला फरक मोटारीसारखा लाखांत नाही, हजारांत आहे. दीड-दोन वर्षांत फिटतो. आमच्या पिढीनं १९७२ साली आलेली लुना पाहिली. मास्तरीणबाई, नर्सबाई लुनावरून जाताना दिसल्या की आम्ही पोरी टकामका बघायचो. तीच लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर आली. एसटीचंही तसंच. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली, आणि १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. नॉर्वे नावाच्या थंड देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दर दहांतल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. पण तिथं पाण्यावरची वीज मुबलक, आणि पेट्रोल गाडीवर जबर कर. तिथलं गणित इथं जसंच्या तसं बसायचं नाही.

आगीचं विचाराल तर मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या स्कूटरनं पेट घेतल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाले. तेव्हा त्याआधीची जुनी स्कूटर स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. चाळीस अंशाच्या उन्हात फिरवून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका. थोडी सावलीत निवू द्या, जनावरालाही आपण तापल्या अंगानं पाणी दाखवत नाही.

आणि वायरमनला बोलवा. हे शोरूमवाले सांगत नाहीत. आपली जमीन मुरमाड आणि कोरडी, उन्हाळ्यात घराचं अर्थिंग नावापुरतं उरतं. चार्जर मग चालू होत नाही किंवा मधेच बंद पडतो, क्वचित शॉकही बसतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडावं लागतं. मोटारीला सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि गळती झाली की वीज तोडणारं स्वीच लागतं. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर खिडकीतून काढून गाडी लावणं बंद करा. वाडी-वस्तीवर सिंगल फेजला व्होल्टेज किती येतं, तेही संध्याकाळी मोजून घ्या. लोडशेडिंगचे ते दिवस गेले असले, तरी डीपी जळाली की दोन-चार दिवस अंधार असतोच. त्या दिवसांसाठी घरात एक पेट्रोलचं वाहन असलेलं बरं, म्हणून तर म्हणते की दोन्ही एकदम बदलू नका.

पावती मोडू का म्हणून विचारणाऱ्या त्या मैत्रिणीकडे बसून आम्ही दोघींनी तिच्या गाडीचा हिशेब मांडला. महिन्याला साडेचारशे किलोमीटर निघाले. तिच्या यजमानांनी वही दोनदा उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, ‘वैनी, हे आधी सांगायचं की.’ पावती आहे तिथं आहे. स्कूटरचं त्यांचं चाललंय. फक्त ती तिच्या नावावर घ्यायची की यांच्या, ते अजून ठरायचंय.