किनाऱ्यावरील वाडीस चुना घालण्यापूर्वी

कोकणची जमीन आम्लधर्मी, सबब तीस चुना द्यावा, हा सल्ला आपण वारंवार ऐकतो. जांभ्या दगडापासून झालेल्या डोंगरउतारावरील जमिनींस तो बहुतांशी लागू आहे. कारण जोरदार पावसाने त्यांतील चुना झिरपून निघून जातो. परंतु दापोली तालुक्यातील मुरुडसारख्या किनाऱ्यावरील गावी एकाच शेतकऱ्याची कलमे जांभ्याच्या उतारावर, तर माड-पोफळीची वाडी समुद्रालगतच्या पुळणीवर असू शकते. या दोन जमिनींस एकच सल्ला देणे योग्य नव्हे.

पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. शिंपला म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात चुनाच. असा मुक्त चुना जमिनीत साठला की तिचा सामू आठच्या आसपास जातो. लोह व जस्त पिकास मिळेनासे होतात आणि स्फुरद चुन्याशी बांधला जातो. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी. अशा वाडीत आणखी चुना घालणे म्हणजे पैसा खर्चून रोग वाढविणे होय.

मुक्त चुन्याची ओळख सोपी आहे. मातीच्या नमुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच फेस आला, तर चुना आहे असे समजावे. ही चाचणी जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावी.

2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद ठरविण्यात आली. तीत सामू आहे, लोह व जस्तही आहेत. परंतु मुक्त चुना नाही. किनाऱ्यावरील गावांच्या नमुन्यांसाठी ही तेरावी नोंद अवश्य व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाडीचा व उताराचा नमुना वेगवेगळा घ्यावा, एकत्र मिसळू नये.

चुनखडीयुक्त वाडीत शेणखत, कंपोस्ट व हिरवळीचे खत सढळ हाताने द्यावे. नत्रासाठी अमोनियम सल्फेट पसंत करावे. लोहाची उणीव दिसल्यास दर लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून उन्हे उतरल्यावर पानांवर फवारावे. नुसते मातीत घातलेले फेरस सल्फेट लवकरच निरुपयोगी होते.

चुना हे औषध आहे खरे. परंतु रोगी न तपासता औषध देऊ नये, हा नियम जमिनीसही लागू आहे.