जमाखर्च : माटुंग्यातील हमीदार

खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग करण्याचे काम माझ्या हातून सेवाकाळात असंख्य वेळा झाले असेल. परंतु पासष्टी ओलांडल्यावर स्वतःच वर्ग होणे किती अवघड असते, याचा अनुभव गेल्या जून महिन्यात आला. सांगलीचे बिऱ्हाड आवरून आम्ही उभयता मुंबईस, माटुंग्याला, मुलाकडे राहावयास आलो.

माटुंगा हे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाट वस्ती हादरली, त्यानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा परिसर आखला. रुंद रस्ते, दुतर्फा वृक्ष, फाइव्ह गार्डन्स आणि बुटक्या इमारती ही त्या आखणीचीच देणगी. पुढे नोकरीनिमित्त आलेली तमिळ कुटुंबे येथे स्थिरावली आणि कच्छी-गुजराती व्यापारी कुटुंबांनीही घरे केली. त्यामुळे सकाळी फिरावयास निघालेल्या माणसाच्या कानांवर शंभर पावलांत चार भाषा पडतात. उडपी उपाहारगृहात कांदा-लसूण वर्ज्य असलेले सांबार मागितले, तर वाढप्याच्या कपाळावर आठी पडत नाही.

नवख्याची फजिती मात्र ठरलेली. मध्य रेल्वेवर माटुंगा, पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड आणि हार्बर मार्गावर किंग्ज सर्कल, अशी तीन स्थानके एकाच वस्तीला. पहिल्याच आठवड्यात मी भलत्या माटुंग्याला उतरलो आणि पादचारी पूल ओलांडून घामाघूम होत घरी पोहोचलो. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाचा सारा कारभार २०१७ साली महिला कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवला गेला. तिकीट खिडकीवरील बाईंनी मला दोन्ही स्थानकांतील फरक शांतपणे समजावून सांगितला, तेव्हा ग्राहकसेवेवरील माझी जुनी व्याख्याने आठवून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

सौभाग्यवतीला बाजार फार आवडला. केळीची पाने, कच्ची केळी, कढीपत्त्याच्या जुड्या आणि अबोलीचे गजरे पाहून ती हरखून जाई. रोज सकाळी आम्ही एकाच फेरीने जात असू: प्रथम भाजी, मग कोपऱ्यावरच्या तमिळ फूलवालीकडे गजरा, शेवटी कॉफीचे दुकान. तेथे बिया डोळ्यांसमोर दळून देतात. ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरी हे आमचे प्रमाण दुकानदाराने तिसऱ्याच खेपेला न विचारता उच्चारले. मला त्याचे कौतुक वाटले, पण त्याचे मोल तेव्हा कळले नव्हते.

आता जी गोष्ट इतके दिवस लपवली, ती लिहितो. गेल्या दीड वर्षापासून सौभाग्यवतीला विस्मरणाचा विकार जडला आहे. सांगली सोडण्याचे खरे कारण तेच. नातेवाइकांना आम्ही ‘नातवंडांची ओढ’ असे सांगितले. इमारतीतील शेजाऱ्यांना तर काहीच सांगितले नाही. घरातली अडचण चारचौघांत सांगितली तर घराची पत घसरते, असा आपल्याकडे समज आहे आणि तो माझ्याही मनात पक्का होता.

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मुलगा आणि सूनबाई कामावर गेली होती. सौभाग्यवतीला झोप लागलेली पाहून, अर्ध्या तासाचे काम म्हणून मी एकटाच बँकेत गेलो. रांगेत दीड तास गेला. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करून परतलो, तो दार नुसते ओढलेले आणि घर रिकामे.

रखवालदाराने बाजाराच्या दिशेला बोट दाखवले. मी धावलो म्हणणे वयाला शोभणार नाही, पण धावलोच. वाटेत कॉफीच्या दुकानातील पोऱ्या समोरून येताना दिसला. “काका, तुमच्याकडेच निघालो होतो. आजी फूलवालीपाशी बसल्या आहेत.”

ती खरोखरच तेथे लाकडी स्टुलावर बसून अबोलीची फुले निवडत होती. तिने येणाऱ्या-जाणाऱ्यांना गणपती पेठेचा रस्ता विचारला होता. सांगलीची गणपती पेठ माटुंग्यात कोणाला ठाऊक असणार? परंतु रोजची गिऱ्हाईक आज एकटी आहे, पायांत चप्पल नाही आणि भलताच पत्ता विचारते आहे, एवढे फूलवालीने हेरले. तिने तिला बसवून घेतले, पाणी दिले आणि कॉफीवाल्याकडे निरोप धाडला. कारण त्याच्या दुकानातून एकदा आमच्या घरी पुडा पोहोचवला गेला होता.

मला पाहून सौभाग्यवती म्हणाली, “अहो, किती हा उशीर! गाडी चुकली असती ना.”

मी फूलवालीसमोर पाकीट उघडले. तिने हात आडवा केला. “रोजची अम्मा आहे,” एवढेच ती मोडक्या मराठीत म्हणाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. कर्जविभागात असताना फळे-फुले विकणाऱ्यांचे अर्ज माझ्या मेजावर येत. तारण नाही, हमीदार नाही, पक्का पत्ता नाही, असा शेरा मारून मी त्यांतील अनेक परत पाठवले. नियमाने मी चुकलो नव्हतो. तरीही ज्या वर्गाची हमी मी स्वीकारली नाही, त्याच वर्गातील एक बाई माझ्या घरासाठी विनाकागद हमीदार उभी राहिली, ही नोंद आता खोडता येणार नाही.

मुलगा म्हणाला, “बाबा, आता भाजी फोनवरूनच मागवू, बाहेर जाणे नको.” त्याची काळजी रास्त आहे. मी त्याला इतकेच सांगितले की दहा मिनिटांत पिशवी दाराशी येईल, पण आणणारा तुझ्या आईला ओळखणार नाही. आपली मंडळी पिढ्यानपिढ्या पेढीवर बसली. गिऱ्हाइकाचा चेहरा, चाल आणि सवय ओळखणे हेच त्या बैठकीचे भांडवल होते. ते आपल्या नव्या पिढीने सांभाळावे, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतीच्या बटव्यात पत्ता व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवली. दाराला वर कडी बसवली. मग भाजीवाला, फूलवाली, कॉफीवाला, रखवालदार आणि मजल्यावरील तिन्ही घरे, सर्वांना तिच्या विकाराविषयी स्पष्ट सांगितले. पत घसरल्याचे कोठेही दिसले नाही. उलट शेजारच्या बाईंनी स्वतःच्या सासऱ्यांची तीच कहाणी सांगितली. तीही आजवर कोणाला न सांगितलेली.

सकाळची फेरी पूर्ववत चालू आहे. आता मात्र मी तिचा हात धरून चालतो, आणि फूलवाली गजरा देण्यापूर्वी तिला मूठभर फुले निवडावयास देते.