क्वार्टरबॅक आणि मधल्या पायऱ्या

अमेरिकन फुटबॉल म्हटलं की आपल्याला हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारे धिप्पाड गडी आठवतात. आमच्या आळ्यातल्या एका मित्राचं म्हणणं, "चेंडू हातात घेऊन पळायचं तर त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं?" मुद्दा बिनतोड आहे! पण त्या खेळातल्या एका माणसाची कारकीर्द आपल्या कबड्डीवाल्या पोरांच्या मायबापांनी वाचावी, असं मला फार वाटतं. म्हणून आज हा उद्योग.

तो माणूस क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे चढाईपटू आणि कर्णधार एकाच अंगात. जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. चेंडू कुणाकडे फेकायचा, की दुसऱ्याच्या हातात देऊन पळवायचा, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेही चार-पाच जण अंगावर धावून येत असताना.

नाव कर्ट वॉर्नर. आयोवा राज्यातल्या कॉलेजात हा शेवटच्या वर्षापर्यंत बाकावरच बसून. 1994 साली व्यावसायिक संघांच्या निवडीत कुणी घेतलं नाही. एका संघानं सरावाला बोलावलं आणि परत पाठवलं. मग गडी किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावायला लागला, तासाला साडेपाच डॉलर. पुढे बंदिस्त मैदानावरची छोटी लीग खेळला. 1998 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन युरोपातली दुय्यम लीग खेळला. 1999 मध्ये सेंट लुईसचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला आणि याला संधी मिळाली. त्याच मोसमात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जानेवारी 2000 मध्ये संघाला सुपर बोल जिंकून दिला. तेव्हा वय होतं 28.

लोक ही गोष्ट 'जिद्द असेल तर...' म्हणून सांगतात. मला ती जिद्दीपेक्षा पायऱ्यांची वाटते. त्या दोन छोट्या लीग नसत्या, तर जिद्द दुकानातच राहिली असती.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे ना! 2011 मध्ये भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग जाहीर झाली. पाठीराख्यांत हाच वॉर्नर होता. त्यात चक्क 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता आणि पहिल्या मोसमाचं विजेतेपदही त्यानंच पटकावलं. सामने मात्र झाले कोलंबोला. लीग काही टिकली नाही. टिकणार कशी? शाळेत, कॉलेजात, गावात हा खेळ नव्हताच. कळस चढवला, पण खाली देऊळच नव्हतं.

कबड्डीचं नेमकं उलटं आहे. पाया भक्कम आहे. 2014 पासून प्रो कबड्डीचा कळसही आलाय. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीकडचा सिद्धार्थ देसाई 2019 च्या लिलावात 1 कोटी 45 लाखांना गेला, हा आकडा पोरांना पाठ असतो. पण मधल्या पायऱ्या? एअर इंडिया, रेल्वे, महिंद्रा, भारत पेट्रोलियम यांचे संघ म्हणजे खेळाडूची भाकरी होती. आता एअर इंडियाच 2022 मध्ये खासगी झाली. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तेही वरच्या स्पर्धांत चमकलेल्यांना. बाकीच्यांनी काय करायचं?

काय करणार, पहाटे उठून पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळायचं. ते वाईट नाहीच, घर चालतं. पण खुल्या वर्गासाठी शिपाई भरतीची वयोमर्यादा साधारण 28. म्हणजे वॉर्नरची कारकीर्द ज्या वयात सुरू झाली, त्या वयात आमच्या पोरानं आशा सोडून द्यायची!

कुणी म्हणेल, असा वॉर्नर लाखात एखादा. कबूल. पण मी एका ताऱ्यासाठी बोलतच नाहीये. ज्यांचं नाव कधीच होणार नाही, अशांनाही त्या छोट्या लीगमध्ये चार वर्षं खेळून चार पैसे मिळाले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे पैसा नाही असंही नाही. बैलगाडा शर्यतीला घाटात मोटारसायकली बक्षीस लागतात. शर्यत व्हावीच, माझाही जीव तिच्यात आहे. पण यात्रेतली कबड्डी दोन रात्रींत संपते आणि पोरं पुन्हा कांद्याच्या वावरात. पतसंस्था, साखर कारखाना, आडतदार यांनी जुन्नर-आंबेगावात आठ संघ उभे केले, चार महिने दर रविवारी सामने ठेवले, खेळणाऱ्याला सामन्यामागे थोडं मानधन आणि दुखापतीचा विमा दिला, तर एक पायरी तयार होईल. ज्या पोराचा गुडघा विसाव्या वर्षी जातो, त्याचा खर्च आज बाप दागिना मोडून करतो, हे विसरू नका.

तुमच्या तालुक्यात असं काही चालू असेल तर जरूर कळवा. आम्ही बिनदिक्कत नक्कल करू!