भाव आणि भरवसा

महागाई कमी झाली, असे आकडे सांगतात. मग बाजारातून येणारी पिशवी हलकी का, असा प्रश्न घरोघर ऐकू येतो. हिशेब असा आहे. आमच्या मॉरिशसमध्ये महागाईचा दर २०२२ साली १०.८ टक्के होता, २०२३ मध्ये ७ आणि २०२४ मध्ये ३.६. दर उतरला, पण भाव उतरले नाहीत. ते केवळ सावकाश चढू लागले. २०२१ साली १०० रुपयांत येणारे सामान २०२४ साली सरासरीने १२३ रुपयांस पडू लागले. मंत्रीही खरे बोलतात आणि गृहिणीही. मात्र चूल गृहिणीला पेटवायची असते.

आपले बहुतेक अन्न जहाजाने येते. २०१९ साली सुमारे ३६ रुपयांना मिळणारा डॉलर २०२४ अखेर ४५ च्या वर गेला. गहू, तेल, दुधाची पावडर, डाळ, सर्वांवर त्याचा भार पडला.

वडीलधारी मंडळी म्हणतील, आम्ही याहून वाईट पाहिले. खरे आहे. १९७९ आणि १९८१ साली रुपयाचे अवमूल्यन झाले. १९८० साली महागाई ४२ टक्क्यांवर होती. परंतु तेव्हा गावच्या बुतिकमध्ये कार्ने चाले. दुकानदार वहीत लिही, महिनाअखेर पैसे घेई. पगार येणार, हे त्याला ठाऊक असे. आज फ्रिज हप्त्यांवर मिळतो, पण हप्ता चुकला तर विचारपूस करणारा ओळखीचा नसतो.

आम्हांस खरी चिंता आहे ती पुढच्या दिवसांवरील भरवशाची. २०२४ च्या डिसेंबरात नव्या सरकारनेच सांगितले की विकासदर, तूट व कर्ज यांचे आधीचे आकडे सजवलेले होते. मग जून २०२५ च्या अंदाजपत्रकाने वृद्धापकाळाच्या पेन्शनचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करण्याचे जाहीर केले. एकोणसाठाव्या वर्षी त्या पैशावर छपराचे काम योजलेल्या बाईने काय करावे? ती हात आखडता घेते. नवी चप्पल राहते, दिवाळीची साडी राहते. मग चप्पलवाल्याच्या दुकानातील मुलाचा ओव्हरटाइम जातो, आणि त्याच्याही घरी हात आखडतो. ग्राहकाचा विश्वास ढासळणे ते हेच.

तिजोरी भरलेली आहे, असे आम्ही म्हणत नाही. कर्जाचा बोजा खोटा नाही, आणि वृद्धांची संख्या वाढते आहे हेही मान्य. पण साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाचा नियम एका भाषणाने बदलू नये. त्याला चार-पाच वर्षे आधी सांगावे. आणि तांदूळ, पीठ, तेल, डाळ व दूध-पावडर या पाच जिनसांचा बंदरातील भाव व दुकानातील भाव सरकारने दरमहा शेजारी-शेजारी छापावा. मधले पैसे कोठे जातात, ते आमच्या भगिनी स्वतःच पाहून घेतील.