यंत्राचा आकडा आणि वाचणाऱ्याची जबाबदारी

यंत्राने दिलेला आकडा निर्विवाद असतो, ही समजूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांमध्ये खोलवर रुजलेली आहे आणि ती घातक आहे. यंत्राकडून संगणकाकडे बहुधा बाइटच जातात. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एकच मूल्य मावते. मोठी संख्या अनेक बाइटांत विभागून येते आणि ती कशी जोडायची, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

समजा, २० आणि २१ असे दोन बाइट आले. पहिला वरच्या स्थानाचा मानला तर संख्या ५१४१ होते. दुसरा मानला तर ५३९६. फरक सुमारे पाच टक्क्यांचा. संगणक तक्रार करत नाही, आलेखही नेटका दिसतो. २५५ आणि ५६ हे बाइट चिन्हाविना वाचले तर ६५३३६, चिन्हासह वाचले तर उणे २००. एकक अंशाचा दशांश असेल, तर शीतपेटीचे तापमान उणे २० अंश की साडेसहा हजार अंश, हे केवळ वाचण्याच्या नियमावर ठरते. दुसरी चूक हास्यास्पद असल्यामुळे पकडली जाते; पहिली प्रबंधात छापली जाते.

‘हे संगणकवाल्यांचे काम’ असे म्हणणाऱ्यांनी ४ जून १९९६ आठवावा. एरियन-५ च्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवण्याचा प्रयत्न झाला. तेथे ३२७६७ च्या पुढे जागाच नव्हती. उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत अग्निबाण नष्ट झाला.

याउलट खगोलशास्त्राने शिस्त लावून घेतली. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची निरीक्षणे आधी तिच्या स्वतःच्या ‘एलटीए’ स्वरूपात साठवली जात आणि विश्लेषणासाठी ‘फिट्स’मध्ये रूपांतरित केली जात. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिट्समध्ये बाइटांचा क्रम कायमचा ठरलेला आहे. एका मूल्याचे बिट किती, कशाने गुणायचे, किती मिळवायचे, हे फाइलच्या आरंभीच साध्या अक्षरांत लिहिलेले असते. म्हणून जुनी फाइल आजही वाचता येते.

प्रयोगशाळांतील अनेक यंत्रांबाबत हे म्हणता येत नाही. विक्रेत्याचे सॉफ्टवेअर सारे सांभाळते, हा युक्तिवाद ते चालते तोवरच खरा. परवाना संपला किंवा जुना संगणक बंद पडला, की जनतेच्या पैशातून केलेली मोजमापे कुलूपबंद होतात. मग त्यांची फेरतपासणी कोण करणार?

म्हणून सार्वजनिक निधीतून होणाऱ्या प्रत्येक यंत्रखरेदीच्या निविदेत बाइटरचनेच्या संपूर्ण दस्तऐवजाची अट असलीच पाहिजे. मूळ बाइट आणि ते वाचण्याचा नियम एकत्र जतन झाले पाहिजेत. आणि पदवी घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक मोजमाप बाइटांपासून एककापर्यंत स्वतःच्या हाताने उलगडलेले असावे. जो आकडा कसा घडला हे सांगता येत नाही, त्यावर निष्कर्ष उभारण्याचा अधिकार कोणालाही नाही.