ट्यूबलेस कुणी घ्यावं?
बाभळीच्या काट्यांतून रोज सायकल नेणाऱ्याने ट्यूबलेस टायर जरूर बसवावेत. काटा उपटला की भोकातून टायरमध्ये भरलेला पांढरा द्रव, म्हणजे सीलंट, फसफसत येतो, चाक दोन-चारदा फिरवलं की गळती थांबते. चिमटून फुटायला आत ट्यूबच नाही, त्यामुळे हवा जरा कमी ठेवता येते आणि खडीवर पकड छान मिळते. पण हा सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो. दर दोन-तीन महिन्यांनी तपासून भरावा लागतो. टायर रिमवर बसवायला हवेचा जोरदार झोत हवा, साधा हातपंप बहुधा पुरत नाही. मोठी चीर गेली तर सीलंटचंही चालत नाही, म्हणून एक ट्यूब जवळ ठेवाच. डांबरी रस्त्याने फक्त भाजी आणायला जाणाऱ्यांनी मात्र हा खर्च करू नये. त्यांना नाक्यावरचा पंक्चरवाला पुरेसा आहे.