फ्यूज पुन्हा का उडाला?

पावसाळ्यातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. इंदूरचे एक कुटुंब लग्नासाठी धुळ्याला निघाले आहे. पुढे पति-पत्नी, मागे आजी आणि दोन मुले, डिकीत आहेराच्या साड्यांची बॅग आणि मिठाईचे खोके. सेंधव्याला पेट्रोलची टाकी भरून, चहा घेऊन, हॉटेलच्या अंगणातून गाडी मागे घेऊन मंडळी पुन्हा रस्त्याला लागतात. बिजासनचा घाट सुरू होतो आणि पत्नीचे लक्ष डॅशबोर्डकडे जाते.

“अहो, आत्ताच टाकी भरली ना? मग काटा शून्यावर कसा?”

पेट्रोलचाच नव्हे, इंजिनच्या तापमानाचा काटाही खाली बसलेला असतो. पती इंडिकेटरचा दांडा खाली करून पाहतात. नेहमीची टिकटिक नाही. हेडलाइट चालू आहेत, वायपर चालू आहेत, इंजिनचा आवाजही नेहमीसारखाच आहे. पण पाठीमागे ट्रकची रांग, समोर वळण, वरून पाऊस आणि गाडी कुठे वळणार हे मागच्याला सांगणारा दिवाच नाही!

अशा वेळी पहिली चूक होते ती घाबरून जागच्या जागी ब्रेक दाबण्याची. दुसरी चूक त्याहून मोठी, पण ती होते दुसऱ्या दिवशी. तिच्याबद्दल पुढे पाहू.

आधी माणसे, मग गाडी

डॅशबोर्डवरील काटे किंवा दिवे बंद पडले म्हणून गाडी लगेच थांबतेच असे नाही. वेग हळूहळू कमी करावा, उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्या वाहनाला खूण द्यावी आणि वळणावर न थांबता रस्ता रुंद असेल तेथे डाव्या कडेला थांबावे. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे हॅझर्डचे बटण दाबून पाहावे. अनेक गाड्यांत त्याचा फ्यूज वेगळा असतो, त्यामुळे इंडिकेटर बंद असतानाही हॅझर्ड चालू राहू शकतो. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण सुमारे ५० मीटर मागे ठेवावा. मुलांना आणि वृद्धांना रहदारीच्या बाजूच्या दारातून उतरवू नये आणि गाडीच्या मागे उभेही करू नये.

जळका वास किंवा धूर येत असेल तर दुरुस्तीचा विचारच सोडावा. चावी बंद करून सर्वांना दूर न्यावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडल्यास १०३३ हा मदत क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत.

बंद काय पडले, त्याआधी चालू काय आहे?

गाडीच्या विजेतला बिघाड शोधण्याची निम्मी युक्ती एवढ्या एका प्रश्नात आहे. त्यासाठी हत्यार लागत नाही, फक्त डोके शांत लागते.

एकच वस्तू बंद असेल, उदाहरणार्थ फक्त डावा इंडिकेटर, तर दोष बहुधा त्याच वस्तूचा असतो. बल्ब गेलेला असतो किंवा होल्डर गंजलेला असतो. एका बाजूच्या इंडिकेटरची टिकटिक नेहमीपेक्षा भराभर होऊ लागली तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे, हे गाडी स्वतःच सांगत असते.

परस्परांशी संबंध नसलेल्या तीन-चार वस्तू एकदम बंद पडल्या, तर त्या सगळ्या एकदम बिघडल्या असे सहसा होत नाही. त्यांना वीज देणारे एकच ठिकाण तुटलेले असते. येथे पहिला संशय फ्यूजवर घ्यावा.

चावी फिरवल्यावर चालणाऱ्या सर्वच वस्तू बंद, पण चावीविना चालणारे पार्किंग लाइट मात्र ठीक, असे असेल तर चावीच्या मागचा इग्निशन स्विच किंवा त्याचा मोठा फ्यूज तपासावा लागतो. चावीला घराच्या, कपाटाच्या आणि स्कूटरच्या चाव्यांचा जुडगा लटकवण्याची सवय अनेकांना असते. ते वजन धक्क्या-धक्क्याला कुलपावर ओढ देत राहते. गाडीची चावी एकटी असलेली बरी.

सगळेच दिवे मंद झाले आणि सेल्फ मारताना नुसते टकटक वाजले, तर बॅटरीकडे वळावे. टर्मिनल सैल आहे का, त्यावर पांढरी-हिरवी पूड साचली आहे का, ते पाहावे. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर बॅटरी भरत आहे, असे समजावे.

इंडिकेटर लावला की भलताच दिवा मिणमिणतो, हा प्रकार चमत्कारिक वाटतो. पण त्याचे कारण साधे असते. दिव्याची अर्थची तार, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, सैल किंवा गंजलेली असते. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते.

फ्यूज हा पहारेकरी

घाट उतरल्यावर एका चहाच्या टपरीपाशी पतींनी गाडी थांबवली आणि चावी बंद केली. स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या पेटीचे झाकण काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा, याचा नकाशा होता. मीटर आणि इंडिकेटरचा लाल फ्यूज काढून उजेडात धरला, तर आतली पट्टी मधोमध तुटलेली. पेटीत त्याच रंगाचा एक जादा फ्यूज होता. तो बसवला, चावी फिरवली आणि काटा सरसर वर चढला. आजींनी हात जोडले. मंडळी रात्री सुखरूप धुळ्याला पोहोचली.

येथपर्यंत सर्व ठीक झाले. फ्यूजचा रंग हीच त्याची ओळख असते. फिकट बदामी ५ अँपिअरचा, तपकिरी ७.५ चा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, पांढरा किंवा पारदर्शक २५ चा आणि हिरवा ३० चा. आकडा फ्यूजच्या डोक्यावर लिहिलेलाही असतो. बदलताना आकडा आणि आकार, दोन्ही तेच हवेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना आणायला गाडी गल्लीतून मागे घेऊन बाहेर काढली आणि पुन्हा तोच प्रकार. काटा शून्यावर, इंडिकेटर गप्प. आता जादा फ्यूजही नव्हता. शेजारचे एक गृहस्थ मदतीला धावले. “सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळा हो त्याला! पाच मिनिटांचं काम. नाहीतर जाड तार घाला, जन्मात उडणार नाही.”

हीच ती दुसरी, मोठी चूक. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण “जन्मात उडणार नाही” यातच धोका आहे.

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली सर्वांत कमजोर कडी. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज वाहू लागली की तो स्वतः वितळतो आणि मागची तार वाचवतो. मर्यादा दुप्पट केली तर धोका दुप्पट होतो असे वाटते, पण तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० अँपिअरच्या जागी २० अँपिअरचा फ्यूज घातला, तर तो उडण्यापूर्वी तार चौपट तापू शकते. चांदीच्या कागदाला तर मर्यादाच नाही.

बॅटरी फक्त १२ व्होल्टची असते, तिचा झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण इंजिनचा सेल्फ फिरवण्यासाठी हीच बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर देते. तेवढी वीज डॅशबोर्डमागच्या बारीक तारेतून गेली, तर तारेवरचे प्लॅस्टिक वितळते, शेजारच्या तारा एकमेकींना चिकटतात आणि आग लागू शकते. डॅशबोर्डही प्लॅस्टिकचा, खाली गालिचा आणि मागे बसलेली मुले. पाच मिनिटे वाचवण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

दोन्ही वेळा काय घडले होते?

चांदीचा कागद आणायला मुलाला पाठवण्यापूर्वी पत्नी म्हणाली, “अहो, थांबा जरा. काल सेंधव्याला आपण गाडी मागे घेतली होती आणि आत्ताही मागेच घेतली. मधल्या रस्त्यात काही झालं नाही.”

ऑटो इलेक्ट्रिशियनला एवढे एक वाक्य पुरेसे झाले. अनेक गाड्यांत मीटर, इंडिकेटर आणि गाडी मागे घेताना लागणारा पांढरा दिवा एकाच फ्यूजवर असतात. त्या दिव्याच्या तारेत वीज जाते ती फक्त रिव्हर्स गिअर टाकल्यावर. त्याने डिकी रिकामी करून बाजूचे अस्तर सोडवले. जॅक आपल्या पट्ट्यात अडकवलेला नव्हता, सुटाच पडला होता. प्रत्येक धक्क्याला तो तारेवर आपटत होता आणि तारेचे प्लॅस्टिक सोलून आतले तांबे पत्र्याला टेकले होते. रिव्हर्स पडला की वीज थेट पत्र्यात जाई आणि फ्यूज उडे. तार नीट जोडून तिच्यावर संरक्षक नळी चढवली, जॅक पट्ट्यात अडकवला आणि नवा लाल फ्यूज घातला. मग तीनदा रिव्हर्स टाकून पाहिला. काटा जागचा हलला नाही.

फ्यूज एकदा उडाला तर बदलावा. त्याच जागी दुसऱ्यांदा उडाला, तर तो बदलत बसू नये. उडाला त्या क्षणी आपण काय केले होते, हे आठवावे. वायपर लावला होता, खिडकीची काच वर केली होती, की चार्जर खोचला होता? चार्जिंगच्या सॉकेटमध्ये मुलांनी टाकलेले नाणे हेही फ्यूज उडण्याचे नेहमीचे कारण आहे. ते चिमट्याने काढण्यापूर्वी चावी बंद करून त्या सॉकेटचा फ्यूज काढून ठेवावा. घरातले दोन माणसांचे निरीक्षण कित्येकदा मेकॅनिकचा तास वाचवते.

येथे हात लावू नये

काही कामे घरी करण्याची नव्हेत. पिवळ्या रंगाचे प्लग आणि तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना दिवा लावून तपासणे धोक्याचे आहे. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी जाड केबलमध्ये जीवघेणा व्होल्टेज असतो, तिला कधीही स्पर्श करू नये. अलीकडच्या गाड्यांत काच, कुलूप आणि दिवे संगणकीय यंत्रणेकडून चालवले जातात. तेथे तार कापून जोडण्याऐवजी स्कॅनर असलेल्या ठिकाणी गाडी न्यावी. वॉरंटी असेल तर अधिकृत केंद्रातच.

बॅटरीजवळ काम करताना बांगड्या, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. लोंबते मंगळसूत्र आत खोचावे. धातूचा दागिना दोन टर्मिनलमध्ये आला तर क्षणात लाल होतो. बॅटरी सोडवताना आधी वजा टर्मिनल काढावे आणि जोडताना ते शेवटी लावावे.

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा वाटेतच लागला, तर चार्जिंग थांबले आहे. एसी, संगीत, चार्जर बंद करावेत आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे, कारण अल्टरनेटरचाच पट्टा अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवतो. काटा वर चढू लागला तर थांबावे. नाहीतर जवळचे गॅरेज गाठावे आणि वाटेत इंजिन बंद करू नये.

एका डबीत मावेल एवढी तयारी

गाडीत लागणाऱ्या प्रत्येक आकड्याचे दोन-दोन फ्यूज, ते काढण्याचा प्लॅस्टिकचा चिमटा, बॅटरीवर चालणारा टॉर्च, इन्सुलेशन टेप आणि इंडिकेटरचा एक बल्ब. हे सारे एका लहान डबीत मावते. शक्य झाल्यास एखाद्या रविवारी दुपारी गाडी उभी असताना फ्यूजची पेटी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक चालकाने शोधून ठेवावे. बहुतेक गाड्यांत एक पेटी डॅशबोर्डखाली आणि दुसरी बॉनेटखाली असते. पावसात, अंधारात, ट्रकच्या उजेडात ती पहिल्यांदा शोधण्याची वेळ येऊ नये.

धुळ्याहून परतताना बिजासनचा घाट पुन्हा लागला. पाऊस होताच. वळणावर इंडिकेटरची टिकटिक ऐकू येताच मागच्या सीटवर आजींनी डोळे मिटले आणि घाट संपेपर्यंत त्या शांत झोपल्या.